चिऱ्याचं घर, चार महिन्यांचा पाऊस आणि हवी असलेली ऊब

प्रश्न असा आहे. राजापूर तालुक्यात आजोबांनी १९५२ साली बांधलेलं घर. बाहेरच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतल्या काही मातीच्या, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी. गेली वीस वर्षं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंद. आता नवरा-बायको निवृत्त होऊन तिथे कायमचे राहायला जाणार. घराचं जुनेपण राहावं, पण आत आजच्या सोयी हव्यात, लाकडाची आणि मातकट रंगांची ऊब हवी, उजेड हवा. मुंबईच्या डिझायनरने पीओपीचं सीलिंग, भिंतींना पुट्टी आणि टेक्श्चर पेंट, सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल आणि ओटीला जमिनीपासून वरपर्यंत काचा सुचवल्या आहेत. हे करावं का?

मी चोवीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जुन्या घरांचीच कामं करते आहे. तुम्हाला जे दिसायला हवं आहे ते बरोबर आहे आणि ते होण्यासारखं आहे. पण त्यासाठी सुचवलेलं जवळजवळ सगळं साहित्य कोकणातल्या दुसऱ्या पावसाळ्यात हार मानणारं आहे.

आधी ऊब म्हणजे काय ते बघू. जुलैत राजापूरला पारा पंचवीस ते अठ्ठावीस अंशांवर असतो. ही थंडी नव्हे. तरीही बंद घराचं कुलूप काढून आत पाऊल टाकलं की अंगावर शहारा येतो, कारण घर ओलं असतं. गादीला वास, कपाटातल्या साडीवर पांढरे ठिपके, पायाखाली चिकचिक. अशा घरात तुम्ही मधाच्या रंगाचे दिवे लावा, सागवानी टेबल ठेवा, तरी ऊब येत नाही. आपल्याकडे घर उबदार करायचं म्हणजे ते आधी कोरडं करायचं.

आजोबांच्या वेळी ते कोरडं कसं राहत होतं? चुलीमुळे. पहाटे पेटलेली चूल रात्रीपर्यंत धुमसत असायची. तिची धग माजघरापर्यंत पोचायची, धूर छपराचे वासे आणि त्यांवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपा, यांच्यामधून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. त्या धुराने लाकूड काळं पडायचं, पण त्याला सहसा कीड लागत नसे. मग गॅस आला, माणसं मुंबईला गेली, घर बंद झालं. आज वाशांना लागलेला भुंगा आणि भिंतींवरची बुरशी मला दिसते तेव्हा त्यात लाकडाचा किंवा चिऱ्याचा दोष नसतो. घरातली धग आणि हवा गेली, तिची जागा दुसऱ्या कशानेच भरली नाही. तुमच्या नूतनीकरणाचा खरा विषय हा आहे.

म्हणून पहिलं काम विकत घेण्यासारखं नाही. येत्या जुलैत चार-पाच दिवस घरी जाऊन राहा. जोराचा पाऊस चालू असताना हातात कोळसा घेऊन खोली-खोलीतून फिरा आणि ओल जिथपर्यंत आली आहे तिथे भिंतीवर रेघ मारा, तारीख लिहा. खालून चढलेली ओल जोत्यापासून, म्हणजे घराच्या चौथऱ्यापासून, साधारण एकसारख्या उंचीवर थांबते. वरून आलेली एखाद्या वाशाच्या टोकापासून ओघळासारखी उतरते. झडीने आलेली फक्त नैऋत्येच्या भिंतीवर, खिडकीच्या आसपास दिसते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि मे महिन्यात घर बघायला येणाऱ्या कुठल्याही तज्ज्ञाला, मला धरून, हा फरक नीट दिसत नाही.

आता पाण्याचा हिशेब. छपराचं क्षेत्र १२०० चौरस फूट धरा, म्हणजे सुमारे ११० चौरस मीटर. आपल्याकडे हंगामात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. छपरावरून जाणारं पाणी तीन लाख लिटरच्या वर गेलं. एका दिवसात २०० मिलिमीटर पडला, आणि तसे दिवस दरवर्षी येतात, तर त्या एका दिवसात बावीस हजार लिटर. हे पाणी घरापासून लांब टाकता आलं तर निम्मं काम झालं. त्यामुळे माझा आग्रह असतो की बजेटचा निम्मा भाग छप्पर, जोतं आणि घराभोवतालच्या पाण्यासाठी बाजूला काढावा. उरलेल्यात फर्निचर बसवावं. उलटं करणाऱ्यांची फर्निचरं मी तीन वर्षांनी बाहेर काढलेली आहेत.

छपरापासून सुरुवात करा. डिसेंबरात कौलं उतरवा, सगळी. एकेक कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला टाका. उलटून पाठही बघा, कारखान्याचं नाव उठवलेलं असेल. मंगळुरूला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्यावर असे पुष्कळ कारखाने झाले, प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. म्हणून बदलीची कौलं घेताना हे नाव जुळवायचं. दोन साच्यांची कौलं एकाच पाखीवर, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूवर, मिसळली की खाचा नीट बसत नाहीत आणि नेमकं तिथेच गळतं. जुनी चांगली कौलं कमी पडली तर एक पाखी पूर्ण जुन्यांची करा, दुसरी पूर्ण नव्यांची.

कौलं उतरली की लाकूड उघडं पडतं. सुताराला दाभण घेऊन प्रत्येक वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक टोचायला सांगा. वासा मधे अनेकदा शाबूत असतो आणि टोकाला कुजलेला असतो, कारण पाणी तिथेच मुरतं. सगळा वासा बदलायची घाई करू नका. कुजलेला भाग कापून नव्या लाकडाचा लांब तिरका जोड देणारे सुतार अजून आहेत. जोडाचं लाकूड मात्र वाळलेलं हवं. यंदा तोडलेला फणस यंदाच वर चढवला तर तो वळणार, आणि त्याच्यासोबत रीप आणि कौलही सरकणार. ऐन, किंजळ, फणस, साग यातलं जे गावात वाळलेलं मिळेल ते चालतं. आंब्याची फळी छपरात नको, वाळवी तिच्यावर पहिली येते.

लाकडाला आतून बोरिक अ‍ॅसिड आणि टाकणखार यांचं पाण्यातलं द्रावण दोन-तीन हात मारा. ते किडीला चांगलं रोखतं, पण पावसाने धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या लाकडाला. बाहेरच्या टोकांना पूर्वी काजूच्या टरफलाचं तेल लावत, अजूनही लावतात. ते उत्तम आहे, पण कातडी भाजतं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घातल्याशिवाय कुणालाही डब्याला हात लावू देऊ नका.

पाखीचा उतार तीस अंशांच्या खाली नको, म्हणजे आडव्या दहा फुटांना उभे पावणेसहा-सहा फूट. वळचण भिंतीच्या बाहेर किमान अडीच फूट. जुन्या घरांना ती असतेच. नूतनीकरणात कुणीतरी ‘उजेड येत नाही’ म्हणून ती छाटतो आणि त्याच वर्षी नैऋत्येची भिंत काळी पडते. उजेडासाठी वळचण कापू नका, काचेची कौलं बसवा. माजघरावर उत्तरेच्या पाखीत चार कौलं काचेची घातली तरी दिवसा दिवा लागत नाही.

एक गोष्ट जुन्या छपरात नव्हती आणि आता हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडची कौलं पत्त्यांसारखी उडवली. त्यानंतर पुष्कळ जणांनी घरावर पत्रे चढवले. त्यांची भीती मला समजते, पण पत्र्याखाली जुलैत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि एप्रिलमध्ये बसवत नाही. कौलंच ठेवा. वळचणीच्या दोन रांगा, आढ्याजवळच्या (छपराच्या माथ्याच्या) रांगा आणि कडेच्या रांगा स्टेनलेस स्टीलच्या तारेने किंवा स्क्रूने रिपेला बांधून घ्या. वारा आत शिरतो तो कडेने. कौलाखाली वाफ बाहेर सोडणारं आणि पाणी अडवणारं अस्तर मिळतं, तेही घाला, पण त्याच्यावर उभ्या पट्ट्या मारून इंचभर पोकळी ठेवा आणि मग आडव्या रिपा. पोकळी नसेल तर अस्तरावर साठलेलं पाणी रिपा कुजवतं. साधं प्लास्टिक अंथरणं त्याहून वाईट, खालची वाफ अडून वासे आतून घामेजतात.

पीओपीचं सीलिंग करू नका. पीओपी म्हणजे जिप्समच, ते ओल पितं, लोंबतं, आणि त्याच्यावर काय चाललं आहे ते तुम्हाला कधीच दिसत नाही. कौल फुटलं तर पूर्वी माजघरात थेंब पडायचा आणि त्याच दिवशी कळायचं. सीलिंगच्या वर तोच थेंब सहा महिने वासा कुजवत राहतो. छताला खालून देखणं रूप हवं असेल तर सिलिंगची कौलं बघा. ती मंगलोरी कौलांच्या खाली वेगळ्या रिपांवर बसतात, खालून नक्षी दिसते, दोन थरांमध्ये हवा राहते, उन्हाळ्यात खोली निवते. तुम्ही जी ऊब चित्रांमध्ये बघून मागता आहात ती त्या भाजक्या लाल छताखाली पिवळा दिवा लागला की आपोआप येते.

भिंतींबद्दल मला माझी चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत लांज्याजवळच्या एका घराच्या मातीच्या भिंतींना मी सिमेंटचा गिलावा करून दिला. मालकीणबाईंना भिंतीतून माती झडायचा कंटाळा आला होता आणि मला सिमेंट हा पक्का उपाय वाटत होता. दोन पावसाळ्यांनी गिलाव्याचे पत्र्यासारखे पापुद्रे सुटले आणि मागची भिंत पार ओली लिबलिबीत निघाली. भिंत आधीही ओल घेत होती, पण वाऱ्याने ती परत सोडत होती. मी तिचा श्वास बंद केला होता. तो गिलावा आम्ही माझ्या खर्चाने काढला आणि ती भिंत सुकायला एक पूर्ण उन्हाळा गेला. मातीवर आणि जांभ्यावर सिमेंट थापायचं नाही, हे मी तिथे शिकले.

जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण छिद्रं राहतातच. त्याला चुना मानवतो. बाहेरून दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, खरवडून चुन्याच्या मसाल्याने भरा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. चुना किमान तीन आठवडे भिजत ठेवलेला हवा. आत मातीच्या भिंतींना मातीचाच गिलावा आणि वर चुन्याचा पातळ हात. रंग म्हणून चुन्यातच गेरू किंवा पिवळी माती कालवा आणि पाच-सहा पातळ हात द्या. मुंबईत जो टेक्श्चर पेंट तुम्हाला दाखवला तो याचीच नक्कल आहे. चुन्याच्या भिंतीवर उजेड सपाट पडत नाही, दिवसभर बदलत राहतो. ती हाताला लागते, दर दोन-तीन वर्षांनी नवा हात द्यावा लागतो, हे मान्य. पण तिच्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि प्लास्टिक पेंटसारखे फुगे येत नाहीत.

उघडा चिरा ठेवायचा असेल तर एखादीच भिंत ठेवा, ओटीची किंवा माजघराची, आणि तिला चकचकीत वॉर्निश मारू नका. बाहेरच्या बाजूला सायलेन-सिलॉक्सेन प्रकारचं, चमक न आणणारं पाणीरोधक मारता येतं. ते पाणी अडवतं आणि वाफ जाऊ देतं.

खालून चढणाऱ्या ओलीचा उपाय भिंतीत नसतो, अंगणात असतो. आजोबांचं जोतं अडीच फूट असेल. सत्तर वर्षांत अंगणात माती चढली, मग कुणीतरी पेव्हर ब्लॉक बसवले, आता जोतं दीड फूटच दिसतं. घराभोवती तीन फूट रुंदीची पट्टी उकरा, मूळ पातळीवर आणा, उतार घरापासून लांब द्या. पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर दीड फूट खोल चर खणून गोटे आणि खडी भरा. पाणी उडून भिंतीला लागत नाही, चिखल होत नाही, आणि बसायला छान जागा होते. मला स्वतःला वळचणीला पन्हळ लावणं आवडत नाही, आंब्या-फणसाच्या पानांनी ते तुंबतं आणि पाणी उलटं वाशांवर येतं. दारावर आणि दोन पाख्या आतल्या कोनात मिळतात तिथे मात्र हवंच.

व्हिट्रिफाइड टाइल जूनमध्ये घामेजते. बाहेरची दमट गरम हवा गार, गुळगुळीत फरशीवर आली की पाणी सुटतं, आणि पासष्टीच्या माणसाने त्यावरून चालायचं असतं. तुमच्या ओटीवर लाल कोबा असेल तर तो मुळीच फोडू नका. जिथे उखडला असेल तिथे नवा करून घ्या, सात दिवस पाणी धरा, मग खोबरेल तेलाने घासा. बाकी खोल्यांना खरखरीत अंगाचा कोटा किंवा भाजकी मातीची फरशी. माजघरात सारवलेली जमीन असेल आणि ती सांभाळण्याची तुमची तयारी असेल तर ठेवा. मी कुणाला आग्रह करत नाही, कारण ते कष्ट रोजचे आहेत आणि ते घरातल्या बाईच्याच वाट्याला येतात.

आता ओटीच्या काचा. ओटी ही आत आणि बाहेर यांच्यामधली जागा आहे. पावसात उभं राहता यावं, ओल्या छत्र्या टेकता याव्यात, शेजारच्या काकूंनी आत न येता बसावं, यासाठी ती आहे. ती काचेने बंद केली की मागच्या माजघराची हवा बंद होते. ओटी उघडी ठेवा, झडीसाठी बांबूचे किंवा कॅनव्हासचे खाली सोडायचे पडदे लावा. मोठी काच हवीच असेल तर मागच्या पडवीला पूर्वेकडे लावा, जिथे झड कमी येते. तिथे न्याहारीचं टेबल ठेवा. खिडकीखालच्या दगडाला बाहेर उतार द्या आणि त्याच्या खालच्या अंगाला बोटभर खाच पाडा, म्हणजे पाणी उलटं भिंतीकडे वळणार नाही. जुन्या गजांच्या खिडक्या काढू नका, त्यांनाच आतून जाळीची आणि काचेची झडपं बसवता येतात. बिजागऱ्या आणि कोयंडे पितळी घ्या. खाडी जवळ असेल तर स्टीलही ३१६ प्रतीचंच, साधं गंजतं.

संडास-बाथरूम जुन्या मातीच्या भिंतींच्या आत कोंबू नका. मागच्या पडवीला लागून नवीन चिऱ्याची स्वतंत्र खोली बांधा, झाकलेल्या वाटेने घराला जोडा, रात्री पाय भिजणार नाहीत एवढं बघा. वायरिंग पूर्ण नवीन, भिंती न खोदता उघड्या पाइपांतून, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. ओल्या भिंतीच्या घरात याला पर्याय नाही.

स्वयंपाकघरात एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, नको, एका हंगामात फुगतं. कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि त्यांना लाकडी पट्ट्यांची, हवा खेळणारी दारं. प्लायवूड लागलंच तर आयएस ७१० चं मरीन. कपाटं नैऋत्येच्या भिंतीला लावू नका, आणि कुठल्याही भिंतीपासून तीन इंच पुढे, पायांवर उभी करा.

चुलीची जागा भरायची हे मी वर म्हटलं. एक खोली कोरडी खोली म्हणून ठरवा, शक्यतो घराच्या मध्यावरची. दारं-खिडक्या घट्ट बंद होतील अशा करा, आत डिह्युमिडिफायर ठेवा आणि भिंतीवर आर्द्रता मोजणारं साधं घड्याळ टांगा. काटा साठ टक्क्यांच्या आसपास राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. गाद्या, पुस्तकं, रेशमी कपडे, जुने फोटो इथे. बाकी घराला मात्र बंद करू नका. आढ्याजवळ हवा बाहेर जायला वाट ठेवा, पंखे मंद फिरू द्या, आणि उघडीप मिळाली की सगळी दारं सताड उघडा. मागच्या पडवीत एक चूल जरूर ठेवा. आंघोळीचं पाणी त्यावर तापवा, धूर छपरात जाऊ द्या. हे मी हौस म्हणून सांगत नाही, तुमच्या वाशांसाठी सांगते.

दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, छतात खड्डे पाडून नव्हे, भिंतीवर आणि टेबलावर, डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. पावसाळी दुपारी चार वाजता कोकणात अंधारून येतं, त्या वेळी वापरायचे दिवे वेगळ्या बटणावर घ्या.

घर सामाईक असेल तर काम काढण्याआधी भावंडांची लेखी संमती आणि घरपट्टीचा उतारा हातात ठेवा. दिवाळीनंतर सामान आणा, डिसेंबर ते मार्च छप्पर, एप्रिलपर्यंत चुना, आणि १५ मेच्या आत शेवटचं कौल बसलं पाहिजे. वळवाचा पाऊस मृगाची वाट बघत नाही.

काम संपल्यावर दोनशे कौलं मागच्या बाजूला रचून ठेवा आणि गावातला एखादा चपळ मुलगा शोधा. कौलं चाळणारे, म्हणजे पावसाआधी ती काढून-बघून नीट बसवणारे, जुने लोक आता साठीच्या पुढे गेले आहेत आणि दर मे महिन्यात कुणीतरी वर चढावंच लागतं. छपराचं काम चालू असताना त्या मुलाला तुमच्या सुताराबरोबर उभा करा, त्याची रोजची मजुरी तुम्ही द्या. पाय कौलाच्या कुठल्या भागावर ठेवायचा, फुटलेलं कौल वरची रांग न उचलता कसं ओढून काढायचं, हे त्याला तुमच्याच छपरावर शिकता येईल.